शेवटची चाल स्वस्त असते, पहिली महाग

आजचा विषय पत्त्यांचा आहे. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: पैसे लावून खेळा असं मी कुणालाही सांगत नाही. आपल्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात तर पोकर, रमी असे पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. त्यामुळे खेळ बाजूला ठेवा. त्याच्यातला हिशोब मात्र घ्या, कारण तो आपल्या उधारीच्या वहीला जसाच्या तसा लागू पडतो.

माझं मत एका वाक्यात सांगतो. आपल्याकडचा छोटा व्यावसायिक उधारीचा डाव उलटा खेळतो. जिथे पत्ते टाकायला पाहिजेत तिथे तो भिडेपोटी पैसे लावत राहतो, आणि जिथे थोडेच पैसे लावून पत्ते बघायला पाहिजेत तिथे लाजेपोटी पत्ते टाकून घरी येतो.

तीन पत्ती आपल्या सगळ्यांना माहीत आहे. दिवाळीत घरोघरी बसतात. पत्ते बघायचे, चाल करायची नाहीतर पॅक व्हायचं, आणि शेवटी दोघेच उरले की कुणीतरी पैसे भरून शो मागतो. पोकरचा गाभा तोच. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, पाच पत्ते टेबलावर सगळ्यांचे मिळून उघडले जातात, आणि या सातांतून ज्याचे सगळ्यांत चांगले पाच जुळतात तो जिंकतो. पैसे लावायच्या चार फेऱ्या असतात. समोरच्याने लावले तेवढेच आपण लावणं म्हणजे कॉल. मध्ये जमा झालेली रक्कम म्हणजे पॉट.

'लिमिट' पोकरमध्ये लावायची रक्कम ठरलेली असते. समजा पहिल्या दोन फेऱ्यांत १० रुपये आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत दुप्पट, म्हणजे २० रुपये. एका फेरीत किती वेळा वाढवायचं यालाही मर्यादा असते. कुणाला कितीही जोर आला तरी तो एकदम ५०० टाकू शकत नाही. 'नो लिमिट'मध्ये तसं नसतं. तिथे समोरचा समोरची सगळी रास एका दमात पुढे ढकलू शकतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शेवटची फेरी आली. पॉटमध्ये १८० रुपये आहेत. समोरच्याने २० लावले, म्हणजे पॉट झाला २००. तुमच्याकडे पत्ते मधलेच आहेत, एखादी मधली जोडी. समोरच्याकडे खरंच चांगले पत्ते असतील तर तुम्ही हरणार. तो नुसता थाप मारत असेल तरच तुम्ही जिंकणार. २० रुपये टाकून बघायचं की पत्ते टाकायचे?

बहुतेक लोक इथे स्वतःला एकच प्रश्न विचारतात: मी जिंकणार का? आणि मनातून उत्तर येतं, बहुतेक नाही. मग पत्ते टाकतात. प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा: बघायला किती लागतात, आणि निघाले तर किती मिळतात? २० लागतात, २०० मिळतात. म्हणजे अशा ११ प्रसंगांपैकी १० वेळा हरलात तर १० गुणिले २०, बरोबर २०० गेले. एकदा जिंकलात तर २०० आले. हिशोब बरोबरीत. ११ पैकी एकापेक्षा जास्त वेळा समोरचा थाप मारत असेल, तर कॉल करणं फायद्याचं. दहातल्या नऊ वेळा तुम्ही हरणार आहात हे माहीत असूनही फायद्याचं.

हे पचायला जड जातं, मला माहीत आहे. माझ्या बॅचमध्ये हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, "सर, नऊ वेळा हरायचं आणि त्याला शहाणपण म्हणायचं?" हो. कारण एका बाजूची चूक २० रुपयांची आहे आणि दुसऱ्या बाजूची २०० ची. हरणारे पत्ते घेऊन बघितलं तर २० गेले. जिंकणारे पत्ते टाकून दिले तर अख्खा पॉट गेला. फक्त दुसरी चूक दिसत नाही, कारण पत्ते टाकल्यावर समोरच्याचे पत्ते कुणी उघडून दाखवत नाही.

आता हाच डाव नो लिमिटमध्ये बघा. पॉट १८०, आणि समोरच्याने २० च्या जागी १८० लावले. आता १८० टाकून ३६० मिळवायचे आहेत. तीन वेळांतून एकदा तरी तुम्ही जिंकायला पाहिजे. पत्ते तेच, समोरचा माणूस तोच, पण उत्तर बदलू शकतं. पत्ते चांगले की वाईट हा अर्धाच प्रश्न असतो. बघायची किंमत काय आहे, हा उरलेला अर्धा.

दुकानातला पॉट

आमच्या बॅचमधल्या, कळमनुरी तालुक्यातल्या एका ताईंचं उदाहरण घेतो. नाव सांगत नाही, त्यांनी आकडे वापरायची परवानगी दिली आहे. ताई घरी हळद पावडर, मिरची पावडर आणि काळा मसाला करतात. छोटी चक्की, दोन बायका कामाला. नांदेड रोडवरच्या एका ढाब्याला त्या माल द्यायच्या. महिन्याला साधारण ६,००० चा. सुरुवातीला पैसे वेळेवर आले, मग अर्धे आले, मग "पुढच्या महिन्यात एकदम करू." माल जात राहिला. वहीत आकडा झाला २७,४००.

यात दोन वेगवेगळे निर्णय लपलेले आहेत आणि ताई दोन्हीला एकच समजत होत्या.

पहिला निर्णय: उधारीवर माल द्यायचा का? ६,००० च्या मालात ताईंचं मार्जिन १५ टक्के, म्हणजे ९०० रुपये. खिशातून लागलेले ५,१००. तर पहिल्यांदा उधार देताना त्या ५,१०० लावून ९०० मिळवायला बसल्या होत्या. १०० पैकी ८५ वेळा पैसे परत आले तर कुठे हिशोब बरोबरीत सुटतो. नफा पाहिजे असेल तर त्याहून जास्त. आता मला सांगा, "माणूस बरा वाटतो, बघू" ही भावना ८५ टक्क्यांची आहे का? ती पन्नास-साठ टक्क्यांची आहे. म्हणजे ते मधले पत्ते आहेत, आणि मधल्या पत्त्यांवर इतकी महाग चाल कुणी शहाणा खेळाडू करत नाही.

दुसरा निर्णय: २७,४०० वसूल करायला जायचं का? जाऊन यायला पेट्रोल, चहापाणी आणि अर्धा दिवस कामाचा खाडा धरून ताईंनी खर्च काढला ६०० रुपये. २७,४०० साठी ६००. ४५-४६ वेळांतून एकदा जरी पैसे मिळत असतील तरी जाणं परवडतं. आणि ताई काय म्हणत होत्या? "जाऊन काय उपयोग सर, तो काही देणार नाही. बाईमाणूस, ढाब्यावर जाऊन उभं राहायचं, बरं नाही दिसत."

बघा, ८५ टक्के खात्री पाहिजे होती तिथे पन्नास टक्क्यांवर चाल केली, आणि सव्वादोन टक्क्यांवर भागत होतं तिथे पॅक झाल्या. हे एकट्या ताईंचं नाही. हिंगोलीपासून सेनगावपर्यंत ज्या ज्या दुकानदाराची वही मी उघडून बघितली, तिथे थोड्याफार फरकाने हेच निघालं. आणि जी अडचण ताईंनी सांगितली ती खोटी नाही. ढाब्यावर एकटीने जायचं नसेल तर भाऊ, नवरा, गटातली दुसरी बाई सोबत न्या. खर्च ६०० चा ८०० होईल. उत्तर तरीही बदलत नाही.

इथे एक शंका नेहमी येते. आपणच शिकवतो की गेलेल्या पैशामागे पैसे घालू नका. मग आता २७,४०० कडे बघून ६०० घाला कसं म्हणायचं? शंका चांगली आहे. पण फरक समजून घ्या. २७,४०० तुम्ही घातलेत म्हणून ते महत्त्वाचे नाहीत. ते मिळू शकतात म्हणून महत्त्वाचे आहेत. पॉटमधले पैसे एकदा टाकले की ते तुमचे राहत नाहीत, जो जिंकेल त्याचे असतात. "मी इतके घातलेत, आता मागे कसा फिरू?" हा विचार खड्ड्यात नेतो. "तिथे इतके पडलेत, उचलायला किती लागतात?" हा विचार व्यापाऱ्याचा.

पहिल्या फेऱ्या फसव्या का असतात

शेवटच्या फेरीत २० टाकले की विषय संपतो, पत्ते उघडतात. पण दुसऱ्या फेरीत तेच मधले पत्ते घेऊन १० टाकले, तर किंमत १० नसते. पुढच्या दोन फेऱ्यांत २०-२० येणार आहेत. शेवटपर्यंत जायचं तर ५० लागणार. त्यातही एक वाईट गंमत आहे. समोरच्याकडे भारी पत्ते असतील तर तो प्रत्येक फेरीत लावत जातो आणि तुमचे पूर्ण ५० जातात. त्याच्याकडे काही नसेल तर तो मध्येच थांबतो आणि तुम्हाला फारसं काही मिळत नाही. हरताना जास्तीत जास्त हरायचं आणि जिंकताना कमीत कमी जिंकायचं, अशी ती जागा आहे.

उधारीचं गिऱ्हाईक अगदी असंच वागतं. जो चांगला आहे तो पैसे देतो, खातं नील होतं, त्याच्याकडे तुमचे जास्तीत जास्त एका महिन्याचे अडकतात. जो बुडवणार आहे तो दर महिन्याला आणखी माल मागतो. म्हणून तुमच्या वहीत सगळ्यांत मोठा आकडा नेहमी सगळ्यांत वाईट गिऱ्हाइकाच्या नावावर असतो. वही काढून बघा.

ढाबेवाला ताईंना काय म्हणाला माहीत आहे? "आणखी ६,००० चा माल टाका, सीझन आहे, १० तारखेला सगळे एकदम देतो." ऐकायला हे शेवटच्या चालीसारखं वाटतं: थोडे घाला, मोठा पॉट उचला. पण हिशोब करा. समजा माल न देता पैसे यायची शक्यता ४० टक्के आहे. माल दिला तर येणे होईल ३३,४०० आणि खिशातून आणखी ५,१०० जातील. हे परवडायचं असेल तर त्या मालामुळे शक्यता ४० वरून ४८ टक्क्यांच्या वर जायला पाहिजे. माल दिल्याने माणूस जास्त प्रामाणिक होतो का? माझ्या बघण्यात तरी नाही. उलट त्याला कळतं की मागितलं की मिळतं, आणि पुढच्या १० तारखेला नवीन १० तारीख येते. ही शेवटची फेरी नाहीच. हा नो लिमिट डाव आहे, ज्यात दर वेळची रक्कम समोरचा ठरवतो.

म्हणून माझा नियम सोपा आहे. जुन्या येण्यासाठी वेळ घाला, पेट्रोल घाला, कागद घाला. माल घालू नका. माल पाहिजे असेल तर रोखीत, आणि रोखीत द्यायला अजिबात नाही म्हणू नका. रोखीत माल नेणारा देणेकरी निदान दुकानात येत राहतो.

थाप ओळखायची कशी

शक्यता काढायची म्हणजे काय करायचं, हा प्रश्न बरोबर आहे. मधले पत्ते फक्त थापेला हरवतात. "सध्या पैसे नाहीत हो" ही समोरच्याची चाल आहे. ती खरी असेल तर तुमच्या फेरीचा उपयोग नाही. खोटी असेल तर फेरी वसूल. मग ती खरी की खोटी?

माणसाच्या चेहऱ्याकडे बघू नका, तो कुणाकुणाचे पैसे देतो ते बघा. ढाबा, मेस, छोटं हॉटेल चालवणारा माणूस पैसे कोणत्या क्रमाने देतो? गॅस सिलिंडरवाला, दूधवाला, भाजीवाला हे आधी. कारण त्यांनी एक दिवस माल थांबवला की चूल बंद. मसालेवाला शेवटी, कारण डब्यात पंधरा दिवसांचा मसाला शिल्लक असतो. तर दूधवाल्याला विचारा. त्याचे रोजचे पैसे वेळेवर मिळत असतील, तर धंदा चालू आहे आणि तुमच्यासाठीच "पैसे नाहीत" आहे. ती थाप. दूधवाल्याचेही दोन महिन्यांचे थकले असतील, तर ते खरं आहे, आणि तुम्ही पाच फेऱ्या मारल्या तरी तिथून काही निघणार नाही.

दुसरी खूण: तारीख कोण देतो? तुम्ही विचारल्यावर "बघू, पाठवतो" म्हणणारा आणि स्वतःहून "सोयाबीन विकलं की देतो" म्हणणारा यांत फरक आहे. आपल्या भागात पैसा हंगामाने फिरतो. दिवाळीच्या आसपास सोयाबीनचा, पुढे उन्हाळ्यात हळदीचा. वसमतला, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीची आवक जोरात असते तेव्हा बाजारात रोकड असते. फेरी तेव्हा मारायची. ऐन पेरणीच्या आधी शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. तेव्हा त्याच्याकडे खरंच नसतात, आणि असले तरी ते बियाण्याचे असतात.

माझं आणखी एक म्हणणं आहे, काही जणांना पटणार नाही. ज्या घरात दवाखाना निघालाय, पीक गेलंय, तिथे हा हिशोब मांडू नका. तिथे समोर खेळाडू नाही.

२०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केलं होतं की दोघांमधला लिमिट पोकर त्यांच्या सेफियस नावाच्या प्रोग्रामने जवळजवळ पूर्ण सोडवला आहे. रक्कम ठरलेली असल्यामुळे शक्यता मोजता येण्याइतक्या राहतात, म्हणून ते जमलं. आपल्या कामाची गोष्ट अशी की इतका परिपूर्ण खेळणारा प्रोग्रामसुद्धा मधल्या पत्त्यांवर नेहमी पॅक होत नाही. कारण नेहमी पॅक होणाऱ्याला समोरचा ओळखतो आणि दर वेळी थाप मारतो. हिंगोलीसारख्या गावात हे लगेच होतं. "तो येत नाही मागायला" ही बातमी तुमच्या आधी बाजारात पोचते. म्हणजे एका फेरीचे ६०० रुपये फक्त त्या एका येण्यासाठी नसतात. बाकीचे दहा देणेकरीही ती फेरी बघत असतात.

कागदाच्या चाली

फेरी मारून झालं नाही तर पुढे काय? इथे बहुतेक जण म्हणतात, "कोर्टकचेरी कोण करणार." पण कोर्टाच्या अलीकडे बऱ्याच स्वस्त चाली आहेत, आणि त्यांना मुदत असते. मुदत गेली की डाव संपला.

चेक घेतला असेल आणि तो परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस असतात. त्यातही दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ खाली तक्रार. पुष्कळ लोक चेक परत आल्यावर "बोलतो त्याच्याशी" म्हणत दोन महिने घालवतात. चेकची स्वतःची मुदत तीन महिने असते, तेवढ्यात तो पुन्हा भरता येतो. त्यानंतर तो कागदाचा तुकडा. नोटिशीच्या खर्चापुढे चेकची रक्कम ठेवा, उत्तर स्वतःच दिसेल.

तुम्ही माल तयार करत असाल किंवा सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी करून ठेवा. ती मोफत आहे, आणि माल देण्याच्या आधी झालेली असावी. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते, ती सुविधा परिषदेकडे जाते. परिषदेचा निकाल समोरच्याला कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. निकालाला कायद्याने ९० दिवस सांगितलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात हे धरून चाला. एक महत्त्वाचं: नुसता घेऊन विकणारा किराणा, कापड, हार्डवेअरवाला दुकानदार उद्यम नोंदवू शकतो, पण ही उशिराच्या पैशाची तरतूद त्याला मिळत नाही. कळमनुरीच्या ताईंना मिळते, मला माझ्या दुकानासाठी मिळत नाही.

आपल्यासारख्या दुकानदारांसाठी लोकअदालत आहे. प्रकरण कोर्टात दाखल व्हायच्या आधीही तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, कोर्ट फी नाही. तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. समोरचा आलाच नाही तर तुमचा एक दिवस गेला, एवढंच. आणि साध्या उधारीला मुदत साधारण तीन वर्षांची असते. तीन वर्षं व्हायच्या आत देणेकऱ्याने "इतके देणे आहे" असं लिहून सही केली तर तिथून मुदत नव्याने सुरू होते. फेरीला जाताना म्हणून वही सोबत न्यायची. पैसे नसतील तर बाकीवर सही घ्यायची. ती सही मिळाली तरी त्या फेरीचे ६०० रुपये वाया गेले असं मी म्हणणार नाही.

पूर्ण दिवाणी दावा मात्र वेगळा. तिथे तारखा किती पडतील, वकिलाची फी किती होईल, हे तुमच्या हातात नाही. तो पुन्हा नो लिमिट. २७,००० साठी मी त्यात पडणार नाही, दोन-तीन लाख आणि पक्के कागद असतील तर विचार करीन.

वसमत भागातले बरेच जण विचारतात की हळद ठेवावी की विकावी, त्यालाही हेच लागू आहे का. अर्धंच लागू आहे. गोदामाचं भाडं पोत्यामागे ठरलेलं असतं, त्यामुळे "महिन्याला एवढेच लागतात, थांबून बघू" असं वाटतं. पण भाव खाली आला तर तुमचं नुकसान भाड्याएवढं नसतं, क्विंटलमागे भाव जितका पडेल तितकं असतं. दिसायला लिमिट, असायला नो लिमिट. माल शेतकऱ्याचा स्वतःचा असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघावी. हळद गहाण ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते, म्हणजे निदान घरखर्चासाठी घाईने विकावं लागत नाही. ही सोय व्यापाऱ्याच्या मालाला नाही. आणि कर्ज मिळालं म्हणून भाव वाढेल असंही नाही.

ताई शेवटी गेल्या, धाकट्या भावाला घेऊन, सकाळी अकराला, ढाब्यावर गर्दी व्हायच्या आधी. मालकाने आधी चहा पाजला, मग रडगाणं गायलं. ताईंनी वही उघडून पुढे ठेवली आणि बसून राहिल्या. ९,००० रोख मिळाले आणि १८,४०० च्या बाकीवर सही. त्यांची उद्यम नोंदणी दोन वर्षांपूर्वीची आहे. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हप्ता आला नाही तर तक्रार टाकायची ठरलं आहे, कागद तयार आहेत. दरम्यान ढाब्यावरून २ किलो हळद पावडरची ऑर्डर आली होती. ताईंनी आधी फोनवर पैसे मागवले, ते आले, मग पोराच्या हातून पुडकं पाठवलं.